प्रात्यक्षिकाचा रुग्ण

माणसाचा जीव ही अत्यंत गंभीर बाब असल्यामुळे तो वाचवण्याची परवानगी ऊठसूट कोणालाही देऊन चालत नाही. भोपाळच्या अरेरा कॉलोनीतली एक प्रशिक्षण संस्था हे तत्त्व निष्ठेने पाळते. रुग्णवाहिकेवर तंत्रज्ञ व्हायचं तर तिचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी बारावीला जीवशास्त्र, दोनशे तास वर्ग, शंभर तास इस्पितळ, चारित्र्याचा दाखला आणि अर्जदार आपत्तीत शांत राहतो असं दोन राजपत्रित अधिकाऱ्यांचं लेखी मत हवं (दोघांनी त्याला आपत्तीत पाहिलेलं असावं, आपत्तीची सोय अर्जदाराने करावी).

शमिका धोटेने हे सगळं जमवलं. राजधानी हलली आणि आजोबा सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले, तेव्हापासून धोट्यांच्या घरात एकही कागद टाकला गेला नव्हता. आपत्तीसाठी तिच्या आईने दोन अधिकाऱ्यांदेखत फोडणी जाळली.

उरलं प्रात्यक्षिक. वयोमर्यादेपूर्वीची ही शमिकाची शेवटची संधी होती.

संस्थेचा सरावाचा पुतळा नऊ वर्षांपूर्वी दुरुस्तीला गेला, तेव्हापासून रुग्णाचं काम शिपाई नीळकंठराव करत. आजवर त्यांना सातशे बारा अपघात, तीनशे विषबाधा आणि (चुकीची चिठ्ठी आल्याने) एक प्रसूती झाली होती. रुग्णाने चिठ्ठीत लिहिलेलंच दुखणं दुखवून घ्यायचं, असा नियम होता.

त्या दिवशीची चिठ्ठी होती, ‘रक्तातील साखर कमी’. अकरा उमेदवारांनी बाकावरच्या नीळकंठरावांना साखरपाणी पाजून बरं केलं. बारावी शमिका. तिने मनगट धरलं आणि ती थबकली. हात गार होता, कपाळ घामाने डबडबलं होतं.

“मामा, छातीत दुखतंय?”

“तू साखर दे बेटा,” नीळकंठराव पुटपुटले. “चिठ्ठीत तेच आहे.”

“चिठ्ठी राहू द्या. सच बताओ.”

त्यांनी आधी परीक्षकांकडे पाहिलं. “सकाळपासून दुखतंय. हात पण जड झालाय. पण तुझे नंबर कटतील ना.”

शमिका उठली. “सर, हा हार्ट अ‍ॅटॅक आहे. गाडी काढा!”

परीक्षक विक्रांत सरांनी वहीतून मान वर केली. “अभिनय उत्तम आहे, पण रुग्ण चिठ्ठीबाहेर जातोय. आणि गाडी प्रात्यक्षिक क्रमांक चारमध्ये आहे.” (अंगणातल्या रुग्णवाहिकेचे भाग ओळखायचे असतात. इंजिन हा भाग अभ्यासक्रमात नाही, म्हणून गाडीतही नाही.)

रांगेतलं कोणी हललं नाही. रांग सोडली की नंबर जातो. शमिकाने नीळकंठरावांना अ‍ॅस्पिरिन चावायला दिली, चाकाच्या खुर्चीत बसवून एकटीने फाटकापर्यंत ढकलत नेलं आणि ऑटो थांबवला. साकेत नगरच्या इस्पितळापर्यंत तिने त्यांची नाडी सोडली नाही. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं.

निकाल लागला. हातमोजे: शून्य. परिसर सुरक्षित असल्याची घोषणा: शून्य. साखर: शून्य. रुग्णासह परीक्षा केंद्र सोडणे: वजा दहा.

तिने इस्पितळाचे कागद जोडून अपील केलं. उत्तर आलं, की इस्पितळाचं निदान चिठ्ठीशी जुळत नाही, सबब इस्पितळाने दुरुस्ती करावी. नीळकंठरावांनाही नोटीस आली: रुग्णाच्या कामावर असताना विनापरवानगी आजारी पडल्याबद्दल.

ती त्यांना भेटायला गेली तेव्हा त्यांनी विचारलं, “तुला फेल केलं?”

“हो मामा.”

“मी आधीच बोललो असतो तर...” त्यांनी तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

शमिका आता औषधांच्या दुकानात बसते.

तिच्यानंतरच्या सव्वीस उमेदवारांनी रिकाम्या बाकाला साखरपाणी पाजून पूर्ण गुण मिळवले (बाकाची तक्रार नाही). आधीचे अकरा धरून सदतीस जण शहरात सेवेत रुजू झाले आहेत. तुम्ही फोन केलात तर त्यांच्यापैकीच कोणीतरी येईल, वेळेवर येईल, हातमोजे घालून येईल. आपण फक्त एवढी खबरदारी घ्यावी, की आपल्याला जे काही होईल, ते अभ्यासक्रमातलं असावं.