स्क्रीन काढणारे गुंडूअण्णा

कुणी कॉम्प्युटरसमोर बसलं की गुंडूअण्णा स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून त्याच्या शेजारी बसायचे. "नाहीतर बोट जातंय हो दाखवायला," म्हणायचे. समोरचा चाचपडो, चुको, घामाघूम होवो, अण्णा चकार शब्द काढायचे नाहीत. नुसतं बघायचे आणि मग चौकटीच्या कागदावर पेन्सिलीनं अख्खी स्क्रीन नव्यानं काढायचे.

नव्वदच्या दशकात मी पुण्याहून बंगळुरूला आले, तेव्हा इंदिरानगरातल्या आमच्या छोट्या कंपनीत ते 'आर्टिस्ट' होते. मूळचे बेळगावचे, अर्धं आयुष्य दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेलेलं. प्रोग्राम आम्ही लिहायचो. स्क्रीनवर कुठं काय दिसावं, ते अण्णा सांगायचे. माझं नाव त्यांनी 'पुणेकरीण' ठेवलं होतं. "पुणेकरीण, हे बटण कुणासाठी केलंय? तुमच्यासाठी की माणसांसाठी?"

एकदा हॉस्पिटलच्या नोंदणीचा प्रोग्राम तयार झाला. अण्णांनी ऑफिसात झाडलोट करणाऱ्या मंजुळाक्कांना खुर्चीत बसवलं. टाइप करताना काहीतरी राहिलं आणि मशीननं पीं करून लाल अक्षरांत चूक दाखवली. मंजुळाक्का ताडकन उठल्या आणि पदर तोंडाला लावून रडू लागल्या. मशीन मोडलं, आता नोकरी जाणार! आम्ही सगळे हसलो. अण्णांनी कानडीत त्यांची समजूत घातली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बाईला रडवलंत की हो तुम्ही." लाल अक्षरं गेली. त्या जागी 'वय लिहायचं राहिलं' एवढंच आलं.

पुढं कंपनी मोठी झाली. परदेशात शिकलेले तिघं आले, त्यांना काचेची खोली मिळाली. तेही माणसं बसवून बघायचे, फक्त कॅमेरा लावून. अण्णांना कुणी आत बोलावलं नाही. दारावर 'युजर एक्स्पीरियन्स' अशी पाटी रंगवायला तेवढं सांगितलं.

"'युजर एक्स्पीरियन्स' म्हणजे काय हो?" त्यांनी मला विचारलं.

"वापरणाऱ्याला काय वाटतं, ते बघायचं."

त्यांनी ब्रश डब्यात ठेवला. "मग मी इतकी वर्षं काय करत होतो म्हणायचं?"

पाटी मात्र सुरेख रंगवली. पुढच्या आठवड्यात राजीनामा दिला.

दोन महिन्यांनी मी चामराजपेटेत त्यांच्या घरी गेले. खिडकीशी पलंगावर वहिनी होत्या. अर्धांगवायूनं दोन वर्षांपूर्वी त्यांची वाचा गेलेली. ऑफिसात अण्णा त्याबद्दल कधी एका शब्दानं बोलले नव्हते. वहिनींच्या मांडीवर पुठ्ठा होता आणि त्यावर चौकोनांत चित्रं: पाणी, पंखा, दुखतंय, खिडकी उघडा. एक चौकोन कोरा.

"मी घरी राहायला लागलो, तशी ही बोट नेमकं कोऱ्यावर ठेवायला लागली," अण्णा म्हणाले. "चहा दिला, रेडिओ लावला, लेकाला फोन लावून दिला. मान नुसती नाही, नाही. आठ दिवस मला कळेना. शेवटी दमून हिच्या शेजारी टेकलो, तेव्हा बोट काढलं बघा."

"मग तिथं काय काढणार?"

"काय काढू, सुचंना अजून..."

वहिनींचं बोट सावकाश सरकत कोऱ्या चौकोनावर आलं. अण्णांनी बोलणं तसंच सोडलं, स्टूल ओढलं आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले. मी हळूच दार ओढून घेतलं.