एक्केचाळीस गाणी, चाल एक

माझ्यासारखा नेटका माणूस तळेगावापासून लोणावळ्यापर्यंत शोधून सापडणार नाही! एम.एस्सी. संख्याशास्त्र. लॅपटॉपवरच्या माझ्या सहा हजार गाण्यांना नाव, गायक, साल, सगळं चिकटवलेलं आहे. त्यामुळे वराळ्याच्या शालूमावशीने तीन सीड्या हातात ठेवल्या तेव्हा मी छाती काढून म्हणालो, "मावशी, काळजीच सोड!"

शालूमावशी म्हणजे हळदीची गाणी. आसपासच्या पाच गावांत तिच्या गाण्याशिवाय नवरीला हळद लागत नसे. गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. उरली नुसती कुजबुज. आणि आता लग्न तिच्याच लेकीचं, कोमलचं.

"माज्या लेकीला माजं गानं पायजे रं पवन," ती कुजबुजली. "घाण्याचं, तेलाचं, हळदीचं, समदं हाय त्यात."

एक्केचाळीस गाणी मी लॅपटॉपवर उतरवली, खरखर काढली. मग सारखी गाणी हुडकून जादाची काढून टाकणारं बटण दाबलं. किती टक्के सारखी असली तर काढू, असं सॉफ्टवेअरने अदबीने विचारलं. आम्हा संख्याशास्त्रवाल्यांची पंच्याण्णव टक्क्यांवर देवासारखी श्रद्धा! टाकले पंच्याण्णव. त्यातलं सर्वांत लांब तेवढं ठेव, असंही बजावलं. वर कचरापेटीही रिकामी केली. नेटका ना मी!

हळदीच्या दिवशी मांडवात स्पीकर जोडला, फोल्डर उघडला. आत एक गाणं. एकच!

तेव्हा डोक्यात उजेड पडला. मावशीची सगळी गाणी एकाच चालीवर! बदलतात ते शब्द, आणि सॉफ्टवेअरला शब्दांशी काय देणंघेणं? चाळीस गाणी कचऱ्यात, सीड्या पुण्याला माझ्या खोलीवर!

तेवढ्यात नवऱ्या मुलाची आई, धोंडाबाई, कुरवंड्याहून उष्टी हळद घेऊन मांडवात शिरल्या. मावशीने मला खुणावलं. म्हटलं, एक तर एक, आवाज तर तिचाच आहे! दाबलं.

"आली गं विहीण, तिचा पदर लय लांब,
त्यात लपवी लाडू, वर म्हणे जरा थांब!"

विहिणीची थट्टा! ही गाणी जेवणाच्या पंगतीत म्हणायची, इथे अजून हळदसुद्धा लागली नव्हती! गडबडीत मला बंद करायचं बटण सापडेना. आवाज कमी करायला गेलो तो वाढला!

"कोन गायलंय ह्ये?" धोंडाबाई गरजल्या.

मावशी पुढे झाली. ओठ हलले, ऐकू काहीच आलं नाही.

"आत्या, आईनं गायलंय," कोमल रडवेली झाली. "आता तिचा आवाज गेलाय."

धोंडाबाईंनी ताट खाली ठेवलं. पदर खोचला. आणि त्याच चालीत, स्पीकरवर ताण करत, त्या म्हणाल्या:

"लाडू तुजा विहिणबाई, दगडाचा भाऊ,
दात माजा पडला, आता काय मी खाऊ!"

मांडव हसून फुटला! धोंडाबाई मावशीला खेटून बसल्या. "कानात सांग, विहिणबाई. गळा माजा."

मावशी कुजबुजायची, धोंडाबाई गायच्या, बाया झेलायच्या. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस मावशीला तोंडपाठ! कोमलला हळद लागत होती. मावशी एका हाताने डोळे पुसत होती, दुसऱ्याने विहिणीला कोपर मारत होती. "आसं न्हाई गं! आदी मामा, मग चुलता!"

मी घाईघाईने मोबाइल काढला.

"ओ शिकल्याले!" धोंडाबाईंनी हाक मारली.

"रेकॉर्डच करतोय, काकू!"

"ते ऱ्हाऊ द्या. तुमचा त्यो गान्याचा डबा पलगातनं काडा आन् तितं मिक्सर लावा. खोबरं वाटायचं ऱ्हायलंय!"