जुनी पट्टी जमा

"मेमरी कमी पडतेय, दुसरं काही नाही!" स्टोअरबाबूंनी कंप्युटरच्या डब्यावर टिचकी मारून निकाल दिला. "दुपारच्या आत दुप्पट करून देतो. तू निर्धास्त राहा!"

बायको निर्धास्त राहणार कशी? तीन वाजता तिची पीएचडीची तोंडी परीक्षा होती आणि ती याच कंप्युटरवरून द्यायची होती. नऊ वर्षं संसार सांभाळून तिने दीपगृहांच्या रखवालदारांच्या नोंदवह्यांवर प्रबंध लिहिला होता. चौऱ्याऐंशी चित्रं दाखवून आज तो परीक्षकांपुढे मांडायचा होता. आणि सकाळच्या सरावात कंप्युटर तिसऱ्याच चित्रावर जो थिजला, तो थिजलाच!

"अहो, राहू द्या. मी बघते काय ते," ती म्हणाली.

पण स्टोअरबाबू ऐकतात होय! कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्यांची एकतीस वर्षं गेली होती आणि त्यात एकदाही साधा वायसर कमी पडला नव्हता. लागेल त्याच्या दुप्पट ठेवायचं, हा त्यांचा बाणा. शिवाय बायकोचा भारी अभिमान. "आमच्या हिला आत्तापासूनच डॉक्टर म्हणा, नंतर धांदल नको!" असं ते भेटेल त्याला बजावत. त्यांनी डबा उघडला, मेमरीच्या दोन्ही पट्ट्या उपटल्या आणि रुमालात गुंडाळून दुकान गाठलं.

"दोन्ही मिळून आठ जीबी आहे काका," दुकानवाली पट्ट्या निरखत म्हणाली. "घरच्या कामाला सोळा म्हणजे चैन झाली. याच जातीच्या देते."

"सोळा? माझी बायको डॉक्टर होतेय! बत्तीसच्या दोन काढा. आणि हा जुन्या जातीचा माल नको, ताजा द्या."

"अहो, पण ताजी पट्टी तुमच्या खाचेत..."

"बसवतो मी! जन्म गेला यात."

मग त्यांनी जुन्या पट्ट्या काउंटरवर पुढे सरकवल्या. जुना भाग जमा केल्याशिवाय नवा द्यायचा नाही, हा स्टोअरचा नियम त्यांच्या हाडीमाशी खिळलेला.

"घरी ठेवा काका, लागतील."

"नियम म्हणजे नियम! जमा करून घ्या आणि इथे सही करा."

हसू दाबत तिने सही केली.

सव्वादोनला स्टोअरबाबू नवी पट्टी खाचेत बसवू लागले. बसेना! उलटी धरली, सुलटी धरली, फुंकर मारली, गोंजारली, दोन शिव्याही घातल्या. पट्टीची खाच एकीकडे आणि डब्यातला उंचवटा भलतीकडेच. त्यांनी दुकानात फोन लावला, तर दुकान दोन ते पाच बंद!

म्हणजे आता कंप्युटरात आठही नव्हती, सोळाही नव्हती. शून्य! एकतीस वर्षांत न घडलेली गोष्ट आज घडली, माल संपला. आणि तोही कुणाचा? स्टोअरबाबू जमिनीवरच बसले.

"अगं," ते म्हणाले, "मी तुझा घात केला."

बायकोने उघड्या डब्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं.

"उठा," ती म्हणाली. "माझा फोन धरून उभे राहा. हात हलवायचा नाही."

तीनला परीक्षक फोनच्या पडद्यावर जमले. "बाई, चित्रं कुठे आहेत?" मुख्य परीक्षकांनी विचारलं.

"चित्रांशिवाय सांगते," ती म्हणाली, आणि सांगू लागली. कुठल्या रखवालदाराने कुठल्या तारखेला काय लिहिलं, कितव्या पानावर, कुठल्या शाईने! एका रखवालदाराच्या दिव्याचं यंत्र बिघडलं, तेव्हा बदली माणूस येईपर्यंत सतरा दिवस त्याने दिवा हाताने फिरवला होता. रोजच्या नोंदीत मात्र एवढंच, "दिवा चालू." परीक्षक लिहायचे थांबून नुसते ऐकत राहिले.

स्टोअरबाबूंच्या हाताला मुंग्या आल्या, नाकाला खाज सुटली, पण फोन तसूभर हलला नाही. हे सगळं त्यांनी नऊ वर्षं जेवताना "हं, हं" करत ऐकलं होतं. आज पहिल्यांदा नीट ऐकलं. केवढी बाई आहे ही, असं वाटून त्यांचे डोळे भरून आले.

"अभिनंदन, डॉक्टर!" मुख्य परीक्षक म्हणाले, आणि तेव्हा मात्र फोन गदागदा हलला.

पाचला दुकान उघडताच स्टोअरबाबूंनी पुन्हा फोन लावला, आणि साडेपाचला दुकानवाली स्वतःच जुन्या पट्ट्या घेऊन आली. तिने त्या बसवल्या, कंप्युटर सुरू केला आणि कपाळाला हात लावला.

"काका, आठ तुम्हाला पुष्कळ आहे! पण सुरू झाल्याबरोबर हे काय उघडतंय? 'घरातला साठा', चाळीस हजार ओळी? आणि प्रत्येक स्क्रूचा फोटो? सगळी मेमरी हेच खातंय!"

स्टोअरबाबूंचा चेहरा पडला. ही यादी त्यांची. गेली बारा वर्षं रोज संध्याकाळी ते ती मांडी ठोकून भरत.

"तुला माहीत होतं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"पहिल्या वर्षापासून. रोज सकाळी बंद करायचे आणि संध्याकाळी तुम्ही बसायच्या आत उघडून ठेवायचे. आज परीक्षेच्या गडबडीत विसरले."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही किती मन लावून भरता ती!"

आजपासून यादी कायमची बंद, असं स्टोअरबाबूंनी दुकानवालीच्या साक्षीने जाहीर केलं. फक्त एक शेवटची नोंद राहिली होती, तेवढी केली. "मेमरीच्या पट्ट्या, बत्तीसच्या. नग दोन. शिल्लक."

मग फोटो जोडला, आणि कंप्युटर थिजला.