धुळातात्यांच्या सात खोल्या

धुळातात्यांनी भाडं कधी हातात घेतलं नाही. महिना उजाडला की मी पैसे घेऊन त्यांच्या दारात जायची आणि ते मान वळवून कुंपणाकडे बघायला लागायचे, जणू मी काहीतरी भलतंच आणलंय. "ठिवा तितं," म्हणायचे. तितं म्हणजे ओट्यावरच्या काळ्या घोंगड्यावर. पैसे घोंगड्यावर पडले की आत जायचे, शेरभर ज्वारी मापून आणायचे आणि माझ्या पदरात ओतायचे. नको म्हटलं की चिडायचे. भाडेकरूला घरातलं धान्य देणारा घरमालक मी दुसरा पाहिलेला नाही, आणि नवऱ्याच्या नोकरीपायी मी बऱ्याच गावांत भाड्यानं राहिले आहे.

तात्या कन्हेरीकडचे धनगर. उमेदीची सगळी वर्षं मेंढरांमागे गेली. मेंढरांचा कळप शेतात बसवला की लेंडीखतानं जमीन सुधारते, म्हणून शेतकरीच मेंढपाळाला धान्य देतो. बसणाऱ्यानं द्यायचं नसतं, बसवणाऱ्यानं द्यायचं असतं. जगाचा हा एकच कायदा तात्यांना मान्य होता.

"तुमचं समदं उलटंच," ते मला म्हणाले. "माझ्या रानात बसायचं तुमी, आन् वर पैसं बी तुमीच द्यायचं? आमच्यात असल्या मानसाला येडा म्हनत्यात."

"मग घेता कशाला?"

"पोपट वरडतो."

पोपट हा त्यांचा एकुलता एक मुलगा, भवानीनगरला साखर कारखान्यात कामाला. तात्यांचे गुडघे दुखायला लागल्यावर मेंढरं विकून बारामतीच्या कडेच्या खडकाळ तुकड्यावर सात खोल्या बांधण्याची अक्कल त्याची. तात्यांनी त्या बांधू दिल्या आणि मग आपल्या पद्धतीनं चालवल्या.

खोली बघायला आम्ही गेलो तेव्हा त्यांनी डिपॉझिट विचारलं नाही, नोकरी विचारली नाही, जात विचारली नाही. आम्हा नवरा-बायकोला आणि दोन्ही मुलींना खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "त्या चिंचंपतूर जावा आन् परत या. चालून दावा."

माझे मिस्टर एम.आय.डी.सी.त फिटर. साहेबापुढेही न वाकणारा माणूस. पण दोन आठवडे खोली शोधून टेकीला आलेला. गेला बिचारा चिंचेपर्यंत. मागे आम्ही तिघी.

"पाय बरं हायत," तात्या म्हणाले. "ऱ्हावा."

शेजारच्या मुलाणी भाभींनी नंतर सांगितलं, "नशीब समजा, मेंढरासारखे दात नाही बघितले. आमच्या सासूबाईंना आ करायला लावला होता." भाभींच्या यजमानांचं सायकलीचं दुकान होतं. तेही एकदा चिंचेपर्यंत जाऊन आलेले.

खोलीच्या अटी दोनच. एक, खोलीला कुलूप लावून कुणी गावाला जाणार असेल तर तात्यांना सांगून जायचं. दुसरी जास्त कडक. आंघोळीचं पाणी, भांड्यांचं पाणी, भाजीची देठं, चुलीची राख, यातलं काहीही गटारात किंवा रस्त्यावर टाकायचं नाही. सगळं मागच्या रानात. "बसलायसा न्हवं? मग रानाला काय तरी मिळू द्या." कुणाची बादली कुठल्या झाडाला, हेही ठरलेलं. माझ्या बादलीला लिंबं लागली. भाभींच्या बादलीला शेवगा. बारामतीची ही बाजू जिरायती, कॅनॉल राहिला दुसऱ्या अंगाला. आजूबाजूला कुसळं उगवायची मारामार, आणि आमच्या मागे हिरवंगार. एकदा मी घाईत बादली दारातच ओतली. तात्या दिवसभर त्या ओल्या जागेकडे बघत बसले. पुन्हा माझी हिंमत झाली नाही.

नव्वदनंतर गाव असं वाढायला लागलं की ओळखू येईना. कारखाने आले, कॉलेजं आली, भिगवण रस्त्याला दुकानं आली. ज्या वस्तीत उन्हाळ्यात टँकरची वाट बघायचे तिथं पाण्याआधी डिपॉझिट येऊन पोचलं. घरमालक लोक दर दिवाळीला फराळाबरोबर नवं भाडं सांगायला लागले. मी एका दवाखान्यात नर्स होते. तिथली माझ्याबरोबरची एक नर्स खोली परवडेना म्हणून परत आपल्या गावी, कळंबला, राहायला गेली आणि रोज एस.टी.नं यायला लागली. बारामतीत काम आहे पण बारामतीत राहता येत नाही, अशी माणसं सकाळच्या गाडीत खच्चून भरलेली असायची.

आमचं भाडं होतं तेवढंच. ज्वारीसुद्धा तेवढीच.

पोपट महिन्यातून एकदा मोटारसायकलवरून येई आणि ओट्यावर बापलेकांची जुंपे. सातही खोल्यांना ऐकू जाई.

"तात्या, जग कुठं चाललंय बघा जरा!"

"मी जलमभर चाललो. आता जगाला चालू दे."

"अवो, शेजारच्यानं भाडं तिप्पट केलंय!"

"त्येच्या मागं लिंबू हाय का एक तरी?"

पोपट वाईट नव्हता. त्याला दोन पोरं शिकवायची होती, आणि बाप सोन्याच्या जागेवर बसून लोकांना ज्वारी वाटतोय हे त्याला बघवत नव्हतं. मी त्याच्या जागी असते तर मीही ओरडले असते.

एकदा तो पांढऱ्या गाडीतून एका शेठना घेऊन आला. सफारी, हातात पाकीट, पायात करकरीत नवे बूट. शेठ इमारतीचं चित्र दाखवत होते: खाली दुकानं, वर चार मजले. तात्यांनी चित्राकडे बघितलंच नाही.

"शेठ, त्या चिंचंपतूर जाऊन या."

शेठना वाटलं, हद्द दाखवतायत. उत्साहानं गेले. नव्या बुटानं टाच सोललेली होती, त्यामुळे परत येताना पाय ओढत आले.

"लंगडतंय," तात्या पोपटला म्हणाले. "असलं घिऊ नये."

भाभी आणि मी खिडकीआड तोंडात पदर कोंबून हसलो. पोपट मात्र हसला नाही. जाताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ठीक हाय. तुमी जित्तं हाय तवर बसलेल्या मानसाला मी उठवनार न्हाय. पन आपल्या पायानं जो जाईल, त्येच्या खोलीला माझं कुलूप. तितनं पुढं भाडं मी ठरवनार."

तात्या यावर "बरं" म्हणाले. ते इतक्या सहज बरं म्हणत नसत, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

पुढच्याच वर्षी आमच्या डॉक्टरांनी इंदापूरला दुसरा दवाखाना काढला आणि मला तिथं येता का विचारलं. वरच्या मजल्यावर राहायला दोन खोल्या, भाडं काहीच नाही. मिस्टर म्हणाले, विचार कर. मी करत होते. घरात बोललेलं मी भाभींना सांगितलं, ही चूक. संध्याकाळपर्यंत ते सातही खोल्यांत फिरलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पेशंटच्या बाकावर तात्या. धुतलेलं धोतर, डोक्याला पागोटं, हातात नंबराचा बिल्ला. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "माझा लंबर यिऊ द्या." नंबर आल्यावर डॉक्टरांपुढं जाऊन बसले.

"काय होतंय, तात्या?"

"मला न्हाय हुत काय. ह्या शिस्टरबाईंसंगं बोलायचंय."

डॉक्टरांनी आम्हाला ड्रेसिंगच्या खोलीत पाठवलं. तात्या स्टुलावर बसले. कापसाच्या बरणीकडे बघत राहिले.

"शिस्टरबाई, भाडं जड हुतंय का?"

"नाही हो. उलट तुम्ही थोडं वाढवा. मी बाकीच्यांना समजावते."

"वाढवा काय? मी कमी करायला आलोय." मग ते आवाज उतरवून म्हणाले, "निम्मं द्या."

"तात्या, असं कुणी करतं का?"

"मंग काय बी नगा दिऊ. पोपटला मी सांगतो, दिलं म्हनून."

जन्मात कधी खोटं न बोललेला माणूस खोटं बोलायची तयारी दाखवत होता, आणि तेही माझ्यापुढे, भाव उतरवत उतरवत. मला हसू यायला हवं होतं.

"पोपटच्या कुलपाची काळजी वाटते का?" मी विचारलं.

"येक खोली ग्येली की दुसरी जाती. मंग समदीच. तुमी म्हनाल, जाऊ द्या, गडी भवानीनगरला लेकाकडं ऱ्हाईल. ऱ्हाईन की. तितं सून चांगली हाय, भाकरी येळंवर येती. पन दिसभर दार लावल्यालं. समदी कामाला, पोरं शाळंत." हाताची बोटं एकमेकांत गुंतवत ते म्हणाले, "कोकनापतूर उघड्यावर निजलो मी. लांडग्याचं भ्या न्हाय वाटलं. बंद खोलीत येकट्याला भ्या वाटतंय. ह्ये कुनाला सांगू नगा."

मी त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि बी.पी. बघितलं. चांगलंच वाढलेलं होतं.

"हे किती दिवसांपासून आहे?"

"मला काय ठावं? तुमीच बघितलं."

डॉक्टरांनी गोळी दिली आणि जाऊ नका, बसून राहा म्हणाले. ते बाकावर बसून राहिले. मी मधल्या वेळात डॉक्टरांना सांगितलं की इंदापूरला मी येईन, पण रोज एस.टी.नं, राहायच्या खोल्या दुसऱ्या कुणाला द्या. डॉक्टर म्हणाले, फुकटची जागा सोडताय, आणि रोजचा प्रवास. मी म्हटलं, मुलींच्या शाळा इथं आहेत. तेही खरंच होतं.

ड्यूटी संपल्यावर तात्यांना सांगितलं, "खोली सोडत नाही. भाडं आहे तेवढंच देणार. आणि मीठ कमी करायचं."

"मीठ?" त्यांना बाकीचं ऐकू आलं होतं की नाही कोण जाणे. धोतराचा सोगा डोळ्यांना लावला आणि उठले.

आम्ही चालत निघालो. ते माझ्यामागे पाच-सहा पावलांवर. मी थांबले की तेही थांबत. "बरोबरीनं चला की," मी म्हटलं. "न्हाय," म्हणाले, "राखनारा मागं असतो. तुमी व्हा पुढं."

बाजारपेठेच्या वळणावर एका मोटारसायकलवाल्यानं त्यांना चाटून गाडी नेली आणि ते भिंतीला हात लावून उभे राहिले. मी मागे गेले.

"आज तुम्ही पुढं चला, तात्या. बी.पी. वाढलंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पुढं झाले आणि हळूहळू चालायला लागले. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि घरापर्यंत त्यांच्या मागून गेले.