काचेच्या कपाटातल्या सुया

नारिन या डोंगराळ गावातल्या सरकारी दवाखान्यात सुयांचा एक नवाकोरा डबा होता आणि तो नवाकोराच राहावा म्हणून सगळे झटत होते. दाताच्या मुळातली नळी कोरून साफ करायच्या या बारीक, पीळदार, रंगीत मुठींच्या सुया. वर्षापूर्वी त्या आल्या तेव्हा संचालक झेनिशबेकनी त्या काचेच्या कपाटात मांडून ठेवल्या. तपासणीला येणारा प्रत्येक साहेब "वा!" म्हणायचा आणि कपाटाला लाखेचं सील ठोकून जायचा.

दातांची डॉक्टर बुरुलई जुन्या सुयांवर दिवस ढकलत होती. त्यांचे पीळ पार उलगडले होते. गेल्या महिन्यात एक सुई शाळामास्तरांच्या दाढेत मोडली आणि बोल लागला बुरुलईच्या हाताला. आणखी एक मोडली तर घरी बसायचं, असं संचालकांनी तिला बजावलं होतं.

म्हणून तपासनीस तोलोबेक आले तेव्हा तिनं एक वाकडी सुई थेट त्यांच्या नाकासमोर धरली.

"बाइके," थोरल्या भावाला मारावी तशी तिनं हाक मारली, "ही दाढेत घालायची तरी कशी?"

"पोरी, तुझ्या आधीच्या डॉक्टरनं याच सुयांवर पंधरा वर्षं काढली."

"याच सुयांवर! तेच तर सांगतेय मी!"

तोलोबेकनी अहवालात 'जुन्या सुया समाधानकारक, नव्या सुरक्षित' असं लिहिलं, ताजं सील ठोकलं आणि ते संचालकांच्या घरी जेवायला गेले.

तिथे त्यांच्यासाठी मेंढा कापला होता. मानाचं हाड अर्थातच त्यांच्या पुढ्यात आलं. उरलेलं पिशवीत बांधून घरी न्यायची आपल्या नारिनमध्ये चांगली सोय आहे. पण साहेबांना चारचौघांत जोर दाखवायची हौस. त्यांनी हाड दाढेखाली घेतलं. कड्कन आवाज झाला. हाड शाबूत राहिलं.

तासाभरात साहेब बुरुलईच्या खुर्चीत होते. गाल धरून, डोळ्यांत पाणी. मागे झेनिशबेक उभे.

"मुळापर्यंत गेलंय," ती म्हणाली आणि तिनं ताटलीतली सुई उचलली.

"ही तर वाकडी आहे!"

"समाधानकारक आहे, बाइके. तुमचीच सही आहे."

"थट्टा पुरे! कपाटातल्या काढ!"

"सील मी तोडलं तर नोकरी जाईल माझी. आणि ही वाकडी सुई मी तुमच्या दाढेत घालणार नाही. तुम्हीच ठरवा."

साहेबांनी उठून स्वतःच सील उपटलं. बुरुलईनं भुलीचं इंजेक्शन दिलं आणि नवी सुई हातात घेतली. सुई अशी सरळ आत गेली की तिला वर्षभराचा राग आठवला. पण ठणका थांबताच साहेब ताडकन उठले. "बाइके, अजून..." एवढंच ती म्हणाली, तोवर त्यांनी लाख वितळवायला घेतली होती.

"साहेब, डब्यात एक सुई कमी दिसेल," झेनिशबेक कुजबुजले.

"बाकीच्या जरा सरकवून ठेवा."

कपाटाला पुन्हा सील लागलं. अहवालात एक ओळ वाढली: 'नव्या सुयांच्या दर्जाची तपासनीसांनी जातीने खात्री केली.' बुरुलई हात धूत राहिली.

"शनिवारी भाच्याचं लग्न आहे," साहेब बधिर जिभेनं म्हणाले. "मला वरच्या, मानाच्या जागी बसवणार. मटण चावता येईल ना?"

"ते उरलेल्या दोघींना विचारा."

"कोण दोघी?"

"तुमच्या दाढेला तीन नळ्या आहेत, बाइके. मी एकच साफ केली, तेवढ्यात तुम्ही उठलात. भूल उतरली की बाकीच्या दोघी बोलायला लागतील."

तोलोबेकनी गालाला हात लावला. गाल हळूहळू जागा होत होता.

"मग कर ना त्याही!"

बुरुलईनं कपाटाकडे पाहिलं. लाख अजून मऊ होती.

साहेबांनी ती नखानं खरवडली, बोटं भाजून घेतली आणि अख्खा डबा उचलून तिच्या हातात दिला. मग ते खुर्चीत पडले आणि त्यांनी मोठ्ठा आ केला.

झेनिशबेक अहवाल हातात धरून उभेच होते. "साहेब, मग आता कपाटाचं काय लिहू?"

तोलोबेकनी क्षणभर तोंड मिटलं.

"लिहा," ते म्हणाले, "रिकामं कपाट समाधानकारक."