मंत्रिमंडळात रेत्विकचा एप्रन

टूरा लिंडेगोर्ड बाथरोब घालून इमारतीच्या तळघरातल्या सामायिक धुलाईखोलीत उभी होती आणि तिचे होते नव्हते तेवढे कपडे मशीनमध्ये गरगरत होते. नवरा, घर, कपाट सगळं दक्षिणेला स्कोनेत. स्टॉकहोममध्ये खासदारकीपुरती एक खोली आणि एक बॅग. तेवढ्यात फोन वाजला. पंतप्रधान होते.

"टूरा, आपत्ती-सज्जता खातं तुला देतोय. दहा वाजता संसदेत नावं जाहीर होतील. तयार आहेस ना?"

"मी कायम तयारच असते," टूरा म्हणाली. नगरपालिकेपासून इथवर ती याच एका वाक्यावर आली होती.

मशीन थांबलं. ओल्या कपड्यांचा गोळा घेऊन ती ड्रायरकडे वळली, तर समोर तिसऱ्या मजल्यावरच्या इंगेगेर्डबाई, चादरींची टोपली घेऊन.

"आठ वाजले. पाळी माझी."

"इंगेगेर्ड, फक्त ड्रायर दे गं. आज मी मंत्री होतेय!"

"अरे वा, अभिनंदन! पण ते दहाला. आत्ता तू पहिल्या मजल्यावरची टूरा आहेस आणि ड्रायर माझा आहे."

"मग मी काय संसदेत ठिबकत जाऊ?"

"माझ्या चादरींनी काय घोडं मारलंय?" म्हणत इंगेगेर्डने चादरी आत कोंबल्या, बटण दाबलं आणि मग तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पाळी मिळणार नाही. कपडे मिळतील. चल वर."

इंगेगेर्ड अंगाने टूराच्या दुप्पट. तिच्या कपाटातलं टूराला बसेल असं एकच निघालं: तिचा तरुणपणीचा, उत्तरेकडच्या रेत्विक गावचा पारंपरिक पोशाख. लाल मोजे, टोकदार टोपी, पट्ट्यापट्ट्यांचा एप्रन.

"राजासमोरही चालतो हा," इंगेगेर्ड टाचण्या लावत म्हणाली. "पोट आत घे, मंत्रीणबाई."

संसदेच्या पायऱ्यांवर पत्रकारांनी तिला घेरलंच.

"टूरा, तू स्कोनेची. मग हा रेत्विकचा पोशाख कसा काय?"

टूराने टोपी सरळ केली. "शेजारणीचा आहे," ती म्हणाली. "अडचणीत शेजारी देईल ते घ्यायचं आणि कामाला लागायचं. हेच माझं धोरण."

संध्याकाळपर्यंत देशभर तोच फोटो. 'जमिनीवर पाय असलेली मंत्री!' बाकीच्या मंत्र्यांचे सूट कुणाच्या लक्षातही राहिले नाहीत. त्यांना ते चांगलंच झोंबलं.

दुसऱ्या दिवशी मंत्रिमंडळाची पहिली बैठक. टूरा वाळलेला शर्ट-पँट घालून, निर्धास्त चालीने आत शिरली आणि दारातच थबकली. टेबलाभोवती सगळे आपापल्या गावच्या पोशाखात. संरक्षणमंत्र्याच्या गुडघ्यांवर लाल गोंडे लोंबत होते. अर्थमंत्रीणबाई टोपीची नाडी सोडवत गुदमरत होत्या.

त्यांनी टूराकडे दयेने पाहिलं.

"अगं, असे काय कपडे घातलेस?" त्या कुजबुजल्या. "तुला कुणी सांगितलं नाही का?"