राणीचं इंजिन आणि धुळाची भेंडी

जो समाज आपला ऐतिहासिक ठेवा जपत नाही, त्याला इतिहास माफ करत नाही, असं शहाणी माणसं सांगतात. शिंगाडवाडीनं आपला ठेवा तीन पिढ्या जपला होता. त्यावर शेवया फार छान वाळत.

ठेवा म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळात विलायतेत घडवलेलं वाफेचं छोटं इंजिन. कुठल्याशा कालव्याच्या कामावर दगड ओढायला ते आलं. काम संपलं, साहेब गेला, आणि इंजिन शे-दोनशे फूट रुळांसकट गावाच्या कडेला राहिलं. खंडेनवमीला गाव त्याच्यापुढं नारळ फोडी. उरलेलं वर्षभर पोरं त्याच्या चिमणीत दगड टाकीत.

मग सुभेदार गुंडा मोहिते फौजेतून निवृत्त होऊन गावी आले. त्यांची सगळी नोकरी फौजेचे ट्रक दुरुस्त करण्यात गेली होती. बंद पडलेली वस्तू नुसती बघत बसणं त्यांच्या प्रकृतीला मानवत नसे. उंब्रजला वेल्डिंगचं दुकान चालवणाऱ्या रहिमान मुल्लाला त्यांनी गाठलं आणि दोघं इंजिनाला भिडले. नळ्या बदलल्या, गंज खरवडला, चिमणीतून दोन ट्रॉल्या दगड काढले.

"माझ्या गुडघ्याकडं कवा एवढं वाकून बघितलं न्हाई," सुभेदारांच्या पत्नी बनुबाई येता-जाता म्हणत.

"तुज्या गुडघ्याचं पार्ट मिळत न्हाईत," सुभेदार इंजिनाखालून उत्तर देत.

रोज सकाळी चहा घेऊन सुभेदार इंजिनाकडं जात आणि दिवेलागणीला परत येत. हे इंजिन नसतं तर त्यांना सकाळी उठून जायला दुसरी जागा नव्हती. ते हे कुणाला सांगत नसत. बनुबाईंना न सांगताच ठाऊक होतं.

आणि नेमकं तेच इंजिन पाचगणीच्या एका हॉटेलाला आवडलं. फाटकाशी शोभेला ठेवायचं होतं. बदल्यात हॉटेलवाले गावाला सिमेंटची कमान बांधून देणार होते. कमानीवर आपल्या आजोबांचं नाव घालायचं, हे तरुण सरपंच जयराज यांनी कमानीच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

ग्रामसभेत जयराज म्हणाले, "आवं सुभेदार, बंद इंजन ठिवून काय करायचं?"

"बंद न्हाई. दुरुस्तीत हाय."

"चार वर्सं?"

"तुज्या पाणीयोजनेपरास पुढं हाय आमचं काम."

सभा हसली. जयराज हसले नाहीत. "बरं, मग आसं करू. शनिवारी हॉटेलचा ट्रेलर येतोय. त्यो यायच्या आत इंजन आपल्या ताकदीवर रुळाच्या शेवटापत्तूर गेलं, तर ऱ्हाईल गावात. न्हाई गेलं, तर कमान."

"जाईल," सुभेदार म्हणाले आणि लगेच उठून रूळ झाडायला गेले.

बॉयलर तपासणीसानं येऊन बॉयलर ठोकून बघितला आणि एका दिवसापुरती, कमी दाबावर चालवायची परवानगी दिली. कोळसा मात्र मिळेना. तेव्हा जाळ गुऱ्हाळातल्या चिपाडांचा करायचं ठरलं. चिपाडं आली म्हणजे चिपाडांचा जाळ जाणणारा माणूस आला. धुळा साऱ्या पंचक्रोशीत गुऱ्हाळाच्या चुलवाणात जाळ घालण्यासाठी प्रसिद्ध होता. त्याचा गूळ कधी करपला नव्हता.

"इंजन आन् गुळाची काहील, दोन्ही येकच," इंजिन एकदा डोळ्यांखालून घालून धुळानं निकाल दिला. "खाली जाळ, वर उकळी. फकस्त हिला झाकान हाय."

शनिवारी सकाळी सुभेदार फौजेची टोपी घालून इंजिनावर चढले. धुळानं जाळ धरला. चिमणीतून काळा धूर निघाला, तसं गाव गोळा झालं. जयराज कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात हजर झाले. इंजिन रुळांबाहेर जाऊ नये म्हणून टोकाला दोन मोठे धोंडे रोवलेले होते. ट्रेलरवर ओढून घ्यायला सोपं जावं म्हणून ते त्यांनी पहाटेच उपटून घेतले होते. धोंड्यांच्या पलीकडं त्यांचाच ऊस होता. रात्रीच्या लाइटीवर त्याला भरपूर पाणी दिलेलं होतं.

दाबाचा काटा हळूहळू चढला. रहिमाननं कान लावून बॉयलर ऐकला. "सुभेदार, आतनं आवाज काय येगळाच येतोय. खदखदतंय."

"वाफ हाय ती. शिट्टी दे."

रहिमाननं साखळी ओढली. इंजिनानं शतकभरानंतर पहिल्यांदा तोंड उघडलं. त्यातून शिट्टीऐवजी हिरवट, चिकट फेस निघाला आणि भळाभळा जयराजांच्या शर्टावर पडला.

"उतू चाललं! इंजन उतू चाललं!" पोरं नाचायला लागली.

सुभेदारांनी एकदा फेसाकडं आणि एकदा धुळाकडं बघितलं. "धुळा, पान्यात काय घातलंस?"

"भेंडी," धुळा शांतपणे म्हणाला.

"भेंडी?"

"व्हय. कालव्याचं पानी लय गढूळ हुतं. उसाच्या रसात घालतो तशी रानभेंडी ठेचून दोन घागरी बुळबुळ टाकीत वतली. भेंडीबिगर मळी वर कशी यायची?"

"आरं, गुळ करायचाय का हितं?"

"गुळ असू दे न्हाई तर वाफ, मळी ती मळीच. तुमी मला इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई." मग तो जरा चिंतेत पडला. "पर लय फुगतंय. गोडं तेल सोडू का वंजळभर? काहीलीतला फेस लगीच बसतो."

"तेल घालशील तर तुलाच बॉयलरात घालीन!"

रहिमान कपाळ पुसत म्हणाला, "आता जाळ इझवून समदं पानी काढावं लागंल. परत भरून वाफ धरायला संध्याकाळ हुईल."

"आन् ट्रेलर दुपारी येनार," जयराज शर्ट पिळत म्हणाले. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच थोडा आनंद होता.

"पानी काढायचं न्हाई," सुभेदार म्हणाले. "हाय ह्याच वाफंवर चालवायचं. तोट्या उघड, रहिमान. फेस खालनं जाऊ दे."

रहिमाननं सिलिंडरच्या तोट्या उघडल्या. फुस्स करून भेंडीचा फेस दोन्ही बाजूंनी रुळांवर आला. सुभेदारांनी दांडा ओढला. इंजिन थरथरलं, खोकलं, आणि त्याची चाकं फिरली. टाळ्या पडल्या. चाकं आणखी जोरात फिरली. टाळ्या थांबल्या, कारण इंजिन तसूभरही हललं नव्हतं. बुळबुळीत रुळांवर चाकं जागच्या जागी गरगरत होती.

"चाकं फिरली म्हंजी झालं की," रहिमाननं सुचवून बघितलं.

"रुळाच्या शेवटापत्तूर म्हनलं हुतं," जयराज म्हणाले. "जाग्यावर तर आमची गिरनीबी फिरती."

सुभेदारांनी दांडा सोडला, पुन्हा ओढला. पुन्हा तेच. चौथ्या खेपेला त्यांची टोपी खाली पडली. त्यांनी ती उचलली नाही. बनुबाईंनी गर्दीतून हे बघितलं, आणि गुडघ्यावर हात टेकत त्या पुढं आल्या.

"आवं, दांडा कशाला हिसकताय? बुळबुळीत भांडं राखंबिगर निघतंय व्हय कवा?" मग त्या बायकांकडं वळल्या. "रंगूबाई, बघत काय उभी ऱ्हायलीस? धुळाच्या जाळाखालची राख वढा. आन् मंगल, चुलीतली आन. ह्या टोकापास्नं त्या टोकापत्तूर पसरायची. जरा घासून!"

बायकांनी पदर खोचले. घमेल्यांनी राख आली. रूळ असे घासले गेले की साहेबाच्या काळातही ते इतके लखलखले नसतील. चाकांखाली बनुबाईंनी स्वतः मूठ-मूठ राख सारली आणि बाजूला होत म्हणाल्या, "हं. आता वढा."

सुभेदारांनी दांडा ओढला. चाकं कचकचली, त्यांनी रूळ धरला, आणि राणीचं इंजिन निघालं. फेस उडवत, धूर ओकत, म्हाताऱ्या बैलाच्या चालीनं, पण निघालं. सुभेदारांचे डोळे भरून आले. राखेनं, असं ते नंतर म्हणाले.

"आलं, शेवटापत्तूर आलं!" रहिमान ओरडला. "सुभेदार, ब्रेक लावा!"

सुभेदार ब्रेकचं चाक दोन्ही हातांनी फिरवतच होते. पण ब्रेकची लाकडं चाकांना घासतात, आणि चाकांना अजून भेंडी होती. तिथं राख टाकायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"धोंडे! धोंडे कुठं गेलं?" सुभेदार ओरडले.

सगळ्यांनी जयराजांकडं बघितलं. तोवर इंजिन रूळ सोडून, बांध ओलांडून, जयराजांच्या उसात शिरलं होतं. चार सऱ्या त्यानं आडव्या केल्या. मग ओल्या रानात ते सावकाश, आवाज न करता, आसापर्यंत खाली बसलं. चिमणीतून शेवटचा एक बुडबुडा आला.

जयराज बांधावरून ओरडले, "माझा ऊस! सुभेदार, माझा ऊस!"

"रुळाच्या शेवटापत्तूर म्हनला हुतास," सुभेदार उसातून म्हणाले. "त्याच्या फुडं आलंय. ऱ्हायलं गावात."

"हे काय, माझ्या रानात?"

"तुजं रान काय पाचगणीत हाय व्हय? रहिमान, जॅक आन."

तेवढ्यात रस्त्यावर एक गाडी थांबली आणि हॉटेलच्या व्यवस्थापक शिवांजली मॅडम उतरल्या. त्यांनी रुळांवरची राख बघितली, हिरवा शर्ट बघितला, मग उसातून डोकावणारी चिमणी बघितली.

"मॅडम, जरा अडचन झालीया," जयराज धावत गेले. "पर क्रेन लावून काढू आपन. ट्रेलर मागनं येतोय न्हवं?"

"ट्रेलर नाही येत. तेच सांगायला आले. सकाळपासून तुमचा फोनच लागत नाहीये."

जयराजांनी खिशातून फोन काढला. त्यातून फेस गळाला.

"इंजिन लादण्याआधी आमच्या ड्रायव्हरनं ट्रेलर पसरणी घाटात नेऊन बघितला," मॅडम म्हणाल्या. "रिकामाच. तो पहिल्या मोठ्या वळणावरच अडकून बसलाय."

रानातून जॅकचा कुरकुर आवाज येत होता.

इंजिन पाचगणीला नेणं कधीच शक्य नव्हतं. घाटात तेवढी जागा नाही.